कोळ्याचा धागा व शेजाऱ्याची भिंत

मुंबईंत दादर व परळ यांच्या दरम्यान हिंदमाता नांवाचा चौक आहे. पावसाळ्यांत पाणी तुंबण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. तेथें एका बंद दुकानाच्या पाटीखालीं आम्हीं कोळ्याचें जाळें पाहिलें. मोटारींचा धडधडाट चालला होता, वाऱ्यानें जाळें हालत होतें. तरी मध्यभागीं कोळी स्वस्थ बसला होता. इतक्यांत एक माशी अडकली, तोंच तो नेमका तिजकडे धांवला.

वाचकहो, हें त्यानें डोळ्यांनीं जाणलें नाहीं. असें जाळें विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची दृष्टि मंद असते. त्यांच्या आठही पायांच्या कवचावर, विशेषतः सांध्यांजवळ, अतिसूक्ष्म चिरा असतात. धागा कांपला कीं त्या किंचित् दबतात व मज्जातंतूंस खबर पोहोंचते. वाऱ्याचें हालणें निराळें व माशीची धडपड निराळी, हें त्यास कळतें. संशय वाटल्यास तो स्वतः धागे ओढून पाहतो. नर मादीकडे येतो तेव्हां ठराविक तालानें धागा छेडून आपण भक्ष्य नव्हे असें कळवितो. विंचवाचीही अशीच गोष्ट आहे. वाळूंतील किड्याचा कंप आठांपैकीं कोणत्या पायास प्रथम लागला, यावरून वाळवंटांतील विंचू दिशा ओळखतो, असें अमेरिकेंतील ब्राउनेल यांनीं दाखविलें.

आतां प्रश्न हा कीं, दुसऱ्याची धडपड जाणणें हा सद्गुण आहे काय? परदुःख ज्यास कळतें तो सज्जन, असें आम्ही समजत आलों. परंतु कोळ्याइतकें तें कोणास कळतें? ऋणकोची अडचण सावकारासही सर्वांच्या आधीं कळते!

आमच्या चाळीच्या भिंती पातळ आहेत. एके रात्रीं शेजारच्या खोलींतून रडण्याचा आवाज आला. घरधन्याची नोकरी गेली, हें आम्हीं बोलण्यावरून ताडलें. सकाळीं त्यांचें दार मात्र ठोठावलें नाहीं. उलट चहा घेतांना चौघांस ती बातमी सांगितली. कोळी भुकेस्तव माशी खातो. आम्हांस तर भूकही नव्हती.

जाणणें ही केवळ देणगी आहे. जाणल्यावर आपण पाऊल कशासाठीं उचलतों, तेथून सद्गुणाचा किंवा दुर्गुणाचा आरंभ होतो. कोळ्यास निवड नाहीं, म्हणून त्यास दोष नाहीं. आम्हांस निवड आहे. त्या सायंकाळीं घरीं परतल्यावर, उशिरां कां होईना, आम्हीं तें दार ठोठावलें.