नऊ नंबरचा बेड

दोष नसताना वाटणारी अपराधी भावना हा आजार मानायचा का? २०२१च्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मी पुण्यात समुपदेशन करते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सिस्टर्स, वॉर्डबॉय, निवासी डॉक्टर यांच्याशी मी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. त्यांतल्या एका सिस्टरविषयी तिच्या परवानगीनं, नाव-गाव वगळून लिहिते आहे.

ऑनलाइन उपचारांना तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र त्यांचं मोल पटलेलं आहे. नाइट ड्यूटी करून आलेल्या बाईच्या अंगात पुन्हा बाहेर पडायचं त्राण नसतं. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीबाहेर केसपेपर घेऊन बसणं तर कुणालाच नको असतं. ही सिस्टर हॉस्टेलच्या गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून बोलायची. रेंज तेवढी तिथंच यायची. कॅमेरा ती सुरू करत नसे. आयसीयूतल्या रुग्णांची नातेवाइकांशी शेवटची भेट तिनं याच फोनवरून घडवली होती. पीपीई किटमध्ये घामानं निथळत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा आणि पलीकडून येणारं "बाबा, डोळे उघडा ना" ऐकत उभं राहायचं. व्हिडिओ कॉलची रिंग वाजली की तिला धडधडायला लागायचं. म्हणून सुरुवातीला आम्ही नुसत्या आवाजावर काम केलं.

धडधड, उडालेली झोप, ड्यूटीला निघताना होणारी उलटी यांवर उपाय आहेत आणि ते फोनवरूनही लागू पडतात. छळणारा विचार वहीत लिहायचा, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. तिला झोप लागू लागली. एक वाक्य मात्र वहीत जसंच्या तसं राहिलं: "नऊ नंबरचं मशीन मी काढलं."

ही गोष्ट एप्रिलमधली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले. त्याच महिन्यात या सिस्टरच्या वॉर्डात श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन एक आणि गरजू दोन अशी वेळ आली. नऊ नंबरवरचे आजोबा खालावत चालले होते, चौदा नंबरवर एक तरुण बाई होती. निर्णय डॉक्टरांनी घेतला, मशीन हलवलं सिस्टरनं. मास्कचे पट्टे सोडवताना आजोबांनी तिचं मनगट धरलं होतं.

विरुद्धचे पुरावे तिनं स्वतःच भराभर लिहून काढले. मग म्हणाली, "मॅडम, माझी चूक नाही हे मला कळतं. पण काढलं मीच ना?"

तिला गीता सांगणारे पुष्कळ भेटले. कर्तव्य केलंस, फळाचा विचार सोड. पण तो उपदेश युद्धाआधीचा आहे. युद्ध संपल्यावर काय होतं ते शांतिपर्वापासून पुढे आहे. युधिष्ठिर जिंकलेला आहे, कर्ण आपला भाऊ होता हे त्याला कळलेलं आहे आणि त्याला राज्य नको आहे. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण सगळे समजावतात. शरपंजरी भीष्म पर्वभर बोलतात. आणि भीष्म गेल्यावर हा पुन्हा गंगेच्या काठी कोसळतो. तेव्हा व्यास त्याला अश्वमेध करायला सांगतात. इतकं ऐकूनही न शमलेल्या माणसाला अखेर एक कृत्य दिलं जातं, हे मला फार मोठं शहाणपण वाटतं.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९७६मध्ये एका ट्रकचालकाचं उदाहरण मांडलं. काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. आपण त्याचं सांत्वन करतो खरं, पण तो लगेच "माझा काय दोष?" म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच तो खटकेल. सिस्टरचं ते वाक्य पुसायचा प्रयत्न मी सोडून दिला तो याच कारणानं. ते लक्षण नव्हतं. आजोबांचं जाणं कुणीतरी मोजलं होतं, त्याची ती नोंद होती.

तर्पणात आपल्या नात्यागोत्यात नसलेल्यांसाठीही पाणी सोडतात. हे तिला तिच्या आईनं सांगितलं. ६ ऑक्टोबर २०२१ला सर्वपित्री अमावास्या होती. त्यासाठी तिनं रजा टाकली. जे तिच्या ड्यूटीत गेले त्यांचे बेड नंबर आणि आठवतील ती नावं तिनं आदल्या कॉलवर मला वाचून दाखवली. त्या कॉलला कॅमेरा सुरू होता. नाकाच्या हाडावर एन-९५चा वळ काळपट पडला होता.

तरी मला एक गोष्ट सलते. युधिष्ठिर राजा होता. युद्धाचा निर्णय त्याचा होता, तेव्हा शोकही त्याचाच. सिस्टरचं तसं नव्हतं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, असा संकेत आहे. तिच्याकडे एका वेळी कितीतरी रुग्ण असत. किती माणसं भरायची, किती मशीन घ्यायची, हे ठरवणारे वेगळेच होते. त्यांच्या वाट्याचं ओझं एकट्या तिच्या मनावर आलं आणि ते हलकं करायचं काम माझ्याकडे दिलं गेलं. तिला भरती हवी होती, व्यवस्थापनानं तणावमुक्तीच्या वेबिनारची लिंक पाठवली, तीही हजेरी सक्तीची करून. उपचार हा तिचा हक्क आहे, पण हिशेब तिथं संपत नाही, असं मी तिला म्हटलं.

"त्यांचं ते बघतील, मॅडम. मनगट माझं धरलं होतं," ती म्हणाली.

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.