दोरापलीकडचा साक्षी

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. कसाऱ्याला जादा इंजिनं जोडून थळ घाट चढणाऱ्या गाड्यांतून माणसं येतात, मोबाइल जमा करतात आणि दहापैकी नऊ दिवस मौन पाळून आपलाच श्वास आणि आपल्याच अंगावर उमटणाऱ्या संवेदना पाहत बसतात. नव्या साधकाला पाच शीलं असतात, जुन्याला आठ. त्या वाढीव शीलांपैकी एक नाच-गाणं, खेळ-तमाशे यांपासून दूर राहण्याचं आहे. ब्रह्मजाल सुत्तात तर भिक्षूने काय काय पाहू नये याची लांबलचक यादीच आहे. हत्ती, रेडे, कोंबडे यांच्या झुंजींपासून कुस्तीपर्यंत. मग गोल्फची एखादी मोठी स्पर्धा बघायला पदरचे पैसे मोडून सातासमुद्रापार जाणाऱ्या माणसाबद्दल काय म्हणायचं? यादी सरळ लावली तर तो तमासगीरच ठरतो. मला हा निवाडा फार घाईचा वाटतो. पाहणं मुक्त करतं की गुंतवतं, हे समोर काय चाललं आहे यापेक्षा पाहणाऱ्याने स्वतःवर कोणती बंधनं घालून घेतली आहेत यावर ठरतं, असं माझं म्हणणं आहे. आणि गोल्फचा प्रवासी प्रेक्षक हा त्याचा चांगला पुरावा आहे.

या प्रेक्षकाला मुळात मिळतं काय, ते आधी पाहू. ब्रिटनच्या ‘ओपन’मध्ये दीडशेहून अधिक खेळाडू उतरतात, चार दिवस, रोज अठरा होल. घरी टीव्हीपुढे बसलेल्याला कॅमेरे सगळीकडे फिरवून आणतात. प्रत्यक्ष गेलेला माणूस मात्र एका ग्रीनजवळ प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोराला टेकून उभा राहतो आणि प्रत्येक तुकडी त्याच्या नजरेच्या टप्प्यात काही मिनिटंच असते. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत तर मोबाइल नेता येत नाही, मैदानावर पळायलाही मनाई आहे. खेळाडू पट मारायला वाकतो, मार्शल हात वर करतात आणि भोवतीची हजारो माणसं एकदम गप्प होतात. चेंडू सुटतो, उताराला लागून वळतो, होलच्या कडेशी येऊन रेंगाळतो. तेवढ्यापुरती कुणाला कुठे जायची घाई नसते. एवढा खर्च करून हा माणूस घरच्यापेक्षा कमीच पाहतो. पण श्वास तरी घरी नसतो का? तरी माणसं इगतपुरीला येतातच. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहून विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकायला मिळतं ते क्षणभर. जास्त मिळावं म्हणून यांतलं कुणीच जात नाही. दूर जाण्याने पळवाटा बंद होतात. चॅनेल बदलता येत नाही, मध्येच उठून जाता येत नाही. मन एका जागी बांधून घेण्यासाठी माणूस शरीराला इतकं लांब नेतो.

यावर कुणी म्हणेल, प्रेक्षक नसला तरी खेळाचं काय अडतं? काहीच अडत नाही. २०२०ची मास्टर्स नोव्हेंबरमध्ये प्रेक्षकांविना झाली आणि डस्टिन जॉन्सनने २६८ फटक्यांत, त्या स्पर्धेच्या इतिहासातल्या सर्वांत कमी फटक्यांत, ती जिंकली. २०२१ साली झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि आपला उदयन माने प्रेक्षकांविनाच खेळले. २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वाटा रिकाम्या होत्या, तरी पूजा चुकली नाही. म्हणजे पाहणाऱ्यावाचून कशाचंच अडत नाही, हे मान्य. पण मला यातच त्याची थोरवी दिसते. आपली गरज नाही हे ठाऊक असून जो गप्प उभा राहतो, त्याच्या उभं राहण्यात व्यवहार उरत नाही. सिसेरोने पायथागोरसची एक गोष्ट नोंदवली आहे: मोठ्या क्रीडामेळ्याला कुणी कीर्तीसाठी येतो, कुणी खरेदी-विक्रीसाठी, आणि काही थोडे निव्वळ पाहायला येतात, तत्त्वचिंतक या तिसऱ्यांसारखा. आपल्याकडे मुंडक उपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. दोन दूरच्या परंपरांनी पाहणाऱ्याला इतका मान द्यावा, हे सहज घडलेलं नसावं.

खर्चाचा आणि पाण्याचा आक्षेप मी टाळणार नाही. ज्या इगतपुरी तालुक्यात धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे राहून हिरवळीवर सांडलेलं पाणी नजरेआड करता येत नाही. सेंट अँड्रूजचं जुनं मैदान सार्वजनिक जमिनीवर आहे आणि एरवी रविवारी खेळ बंद ठेवून गावकऱ्यांना फिरायला मोकळं असतं. पण सगळी मैदानं तशी नाहीत. हा दोष खराच आहे. मात्र तो मैदानाच्या मालकीचा आणि मशागतीचा आहे, पाहण्याच्या कृतीचा नाही.

खरा अवघड आक्षेप आसक्तीचा. २०१५च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये लाहिरी संयुक्त पाचवा आला. त्या दिवशी दोराशी उभ्या असलेल्या भारतीयाला त्याचा चेंडू होलमध्ये जावा असं वाटणारच. मग उपेक्षा, म्हणजे समभाव, कुठे राहिला? साधकाकडून तर त्याचीच अपेक्षा असते. माझं उत्तर असं की इच्छा दोघांच्याही मनात उठते. मांडी घालून बसलेल्याला गुडघ्याची कळ थांबावी असं वाटतंच. शिकायचं असतं ते त्या इच्छेला हात न देता कळ पाहणं. दोरामागच्या माणसाला हात देताच येत नाही. चेंडू त्याचा नाही, उतार त्याचा नाही, वाराही नाही. इच्छा उठते, शिगेला पोहोचते, चेंडू थांबतो आणि इच्छेचा आधारच निघून जातो. हे तो दिवसातून कितीतरी वेळा अनुभवतो. याला समाधी म्हणणं अतिशयोक्ती होईल. धम्मगिरीच्या आवारात या अनुभवाला जागा नाही, तेही योग्यच आहे, कारण तिथे बाहेरचा आधार सोडायलाच माणूस आलेला असतो. पण बाहेर, या माणसाला कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावणाऱ्याच्या रांगेत बसवायचं तर तो कसा पाहतो हे आधी विचारावं लागेल. ही कसोटी लावली की एकाच तारांकित खेळाडूमागे होलमागून होल धापा टाकत फिरणारा प्रेक्षक उतरणार नाही, आणि मौन कधी सुटेल याचे दिवस मोजत बसलेला साधकही उतरणार नाही.