शनवार तेली आणि ख्रिस्ती प्रेम

यहुदी लोकांकडे ख्रिस्ती मंडळीने आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न औरंगपुऱ्यातल्या वाचकापुढे मांडू गेल्यास 'हा युरोपचा घरगुती कज्जा, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य?' असे तो विचारील. आणि त्याचे विचारणे अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. क्रूसयुद्धास निघालेल्या जमावांनी १०९६ साली ऱ्हाइन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांची कत्तल केली, १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने यहुद्यांनी ओळखू येईल असा वेगळा वेष करावा असे फर्माविले, मार्टिन ल्यूथरने १५४३ साली त्यांची सभास्थाने जाळून टाकण्याचा उपदेश केला, आणि पुढे चारशे वर्षांनी त्याच्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी साठ लाख यहुद्यांचा संहार केला. यांत मराठी माणसाचा हात कोठेही नव्हता. तथापि त्या राज्यकर्त्यांच्या म्होरक्याचे आत्मवृत्त मराठीत भाषांतरित होऊन आपल्याकडे आजही बिनदिक्कत विकले जाते, एवढ्यावरूनच हा कज्जा आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही हे दिसते. शिवाय या प्रश्नाचा एक फार बोलका अध्याय आपल्याच किनाऱ्यावर घडला आहे, आणि त्याचा पहिला दुवा आपल्या या शहराजवळून फार दूर नाही.

ज्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले, त्याच निजामशाहीच्या अहमदनगरच्या दरबारी सोळाव्या शतकात एक पोर्तुगीज वैद्य जात येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा चांगला परिचय होता. १५३४ साली तो गोव्यास आला, आणि १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचे जे वर्णन आहे त्यावर युरोपातील वैद्यांच्या पिढ्या पोसल्या. याचे आईबाप स्पेनमधले यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले तेव्हा ते पोर्तुगालात आले. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने त्यांस बळाने बाप्तिस्मा दिला. अशा रीतीने ख्रिस्ती झालेल्यांस 'नवख्रिस्ती' म्हणत, आणि ते आतून यहुदीच राहिले असावेत असा संशय त्यांच्या नातवंडांपर्यंत चाले. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन झाले. ते यावे म्हणून फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. १५६८ साली ओर्ता वारला; दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले; आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून त्यांची होळी करण्यात आली. आधी बळाने पाणी शिंपडावयाचे आणि मग मन कोरडे राहिले म्हणून अग्नी द्यावयाचा, असा हा न्याय!

गोव्याच्या इन्क्विझिशनची आठवण मराठी वाङ्मयात आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु आपल्या सामान्य बोलण्यात ती आठवण हिंदूंच्या छळापुरतीच उरली आहे. पुढील काळात त्या न्यायालयापुढे उभे राहिलेले बहुसंख्य लोक हिंदूंतून ख्रिस्ती झालेलेच होते, म्हणून हे स्वाभाविकही आहे. पण ते न्यायालय मुळात मागितले गेले ते यहुदी आणि मुसलमानी आचार पाळणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी, आणि आरंभीच्या वर्षांत त्याचा मुख्य रोख नवख्रिस्ती यहुद्यांवर होता. दुसऱ्याच्या घरासाठी पेटविलेली आग आपल्या घरापर्यंत आली तेव्हाच आपण ती मोजू लागलो, असे थोडे कडूपणाने म्हणणे प्राप्त आहे.

या आगीचे सरपण कोठून आले? केवळ पोर्तुगीजांच्या लोभातून किंवा क्रौर्यातून ते आले असते तर या निबंधाचे कारण नव्हते; लोभ आणि क्रौर्य ही कोणत्याच धर्माची मिरास नाहीत. सरपण होते ते एका सिद्धांताचे. देवाने इस्राएलाशी केलेला करार ख्रिस्ताच्या येण्याने संपुष्टात आला, त्याचा वारसा मंडळीकडे आला, आणि ज्या यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारले ते आता इतिहासातली एक शिल्लक राहिलेली चूक होत, असे मंडळीचे मोठमोठे आचार्य शिकवीत आले. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या योहान क्रिसोस्तमने सभास्थानांत जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांस परावृत्त करण्यासाठी जी प्रवचने केली त्यांची भाषा आज वाचवत नाही. संत ऑगस्टीन त्यामानाने सौम्य. यहुद्यांस मारू नये, कारण देशोदेशी विखुरलेले त्यांचे हीन जिणे व त्यांच्या हातातला जुना ग्रंथ हीच आपल्या धर्माची साक्ष आहे, असे त्याचे मत होते. या सौम्यपणाने शेकडो वर्षे अनेकांचे प्राण वाचविले, हे खरे. पण ज्याला आपण आपल्या दाव्यातला साक्षीदार म्हणून जगू देतो, त्याला स्वतःचे म्हणून काही जगणे असते हे आपण मान्य केलेले नसते.

सिद्धांताने एकदा असे केले म्हणजे रक्ताचा विटाळ दूर राहत नाही. १४४९ साली स्पेनमधील तोलेदो शहरात, बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांच्या वंशजांस अधिकारपदे मिळू नयेत असा नियम झाला. वास्तविक बाप्तिस्म्याने मनुष्य नवा होतो हे ख्रिस्ती धर्माचे आद्य वचन. त्यालाच या 'रक्तशुद्धी'च्या नियमाने हरताळ फासला. अपराध जन्माने येतो आणि कोणत्याही पुण्याने जात नाही, ही कल्पना समजून घेण्यास मराठी वाचकाला युरोपचा इतिहास चाळण्याचे कारण नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. १९५२ साली तो पुसला गेला, तरी पारध्याच्या पालावर पोलिसांची दृष्टी अद्याप कशी पडते हे या भागात कोणाला सांगावयास नको. मराठवाड्यातील व नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले त्या जातींनी तर जन्माचा दोष पिढ्यानपिढ्या अंगावर वागविला. त्यांच्याच उपासनेत उत्तम शुक्रवारी वधस्तंभाची कथा वाचली जाते, आणि तीत जमाव ख्रिस्ताच्या रक्ताचा दोष आपल्यावर व आपल्या मुलांवर घेतो असा मत्तयाच्या शुभवर्तमानातला प्रसंग येतो. एका सकाळी पिलाताच्या अंगणात जमलेल्या काहीशे माणसांचा तो आरडाओरडा पुढल्या सर्व पिढ्यांवरचे दोषपत्र ठरविण्यात आला. दोषपत्र म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांस ठाऊक होते, त्यांनी तरी हा उतारा मान खाली घालून ऐकू नये असे आम्हांस वाटते.

गोव्यातलीच आणखी एक गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. ओर्ताची हाडे जाळली गेली त्याच्या आदल्याच वर्षी, १५७९ मध्ये, टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास उतरला. त्याने मराठी भाषेवर जीव लावला आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे छापून निघाले. त्यातील 'पहिले पुराण' म्हणजे आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्या कथा. म्हणजेच सगळा यहुद्यांचा ठेवा. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांतून मोशेचे गुणगान मराठी ओव्यांत गायिले जात असता, त्याच राज्यात मोशेचे नियमशास्त्र पाळणे हा देहदंडाचा अपराध होता. दोन्ही गोष्टी एकाच मंडळीने, एकाच श्रद्धेने केल्या. ग्रंथ आमचा, पण ग्रंथ ज्यांचा ते लोक नकोत, ही वृत्ती याहून स्पष्ट कोठे दिसणार?

आता थोडे उत्तरेस यावे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. ते कोकणातल्या गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. त्यांची बोली मराठी झाली. हिब्रू भाषा ते बहुतेक विसरले. परंतु सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध, आणि देव एकच आहे असे सांगणारी 'शमा'ची प्रार्थना, एवढे त्यांनी सोडले नाही. प्रायश्चित्ताच्या थोर दिवशी ते घरांची दारे लावून उपवास करीत. शेकडो वर्षांत त्यांच्या या वागण्याबद्दल कोकणातल्या कोणी शेजाऱ्याने त्यांस जाब विचारला नाही.

यावर आपल्या सहिष्णुतेची पाठ थोपटण्याचा मोह मराठी लेखकांना वरचेवर होतो. तो आवरला पाहिजे. शनवार तेल्यांना कोणी त्रास दिला नाही, याचे कारण जातिव्यवस्थेत त्यांच्यासाठी एक पायरी रिकामी होती आणि ती फारशी वरची नव्हती. शेजाऱ्याने काय मानावे याची जातीला पर्वा नसते; त्याने कोठे बसावे एवढीच असते. ही उपेक्षा होती, आदर नव्हे. मात्र या उपेक्षेने त्यांना यहुदी राहू दिले. आणि ज्या धर्माने शत्रूवरही प्रेम करण्यास सांगितले त्या धर्माच्या राज्यात, गोव्यात, ते त्यांना राहता आले नसते. नीतिशास्त्राच्या अभ्यासकाला यातून जो पेच पडतो तो सुटण्यास सोपा नाही.

तो पेच एकोणिसाव्या शतकात आणखी कठीण झाला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस आले. नंतर स्कॉटिश मिशनरी आले. आणि १८२९ साली डॉ. जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाने गिरगावच्या चौपाटीवर आजही कॉलेज उभे आहे. या मंडळींच्या हाती चाबूकही नव्हता व चिताही नव्हती. त्यांनी शाळा काढल्या व त्यांत बेने इस्राएल मुलामुलींना घेतले. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे समजावून देणारे पुस्तक छापले. जुन्या कराराच्या मराठी भाषांतरामुळे या लोकांना आपल्याच पूर्वजांचा ग्रंथ आपल्याच बोलीत प्रथम वाचावयास मिळाला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा जो इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, त्यात मिशनऱ्यांचे हे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

पण या ज्ञानदानाचा हेतू काय होता? यहुद्याने आपला ग्रंथ नीट वाचावा, त्यात ख्रिस्ताची भाकिते ओळखावीत आणि मग यहुदी राहू नये, हा. विल्सन कपटी नव्हते. आपला हेतू त्यांनी कधी झाकला नाही. हिंदूंशी व पारशांशी त्यांचे जे जाहीर वादविवाद झाले तेही उघड्या मैदानातले होते. त्यांची तुलना इन्क्विझिशनच्या न्यायाधीशांशी करणे हा उघड अन्याय होईल. जाळणारा हात आणि अक्षर गिरवून घेणारा हात एक नव्हेत, आणि जो त्यांस एक म्हणेल त्याने कातारीनेचे मरण स्वस्त केले. तरीसुद्धा यहुद्याच्या यहुदीपणाचे पुढे काय व्हावे, असे दोघांस विचारले असते तर उत्तर एकच आले असते. एकाला ते भीतीने नाहीसे व्हावयास हवे होते, दुसऱ्याला समजुतीने.

बेने इस्राएल लोकांनी या प्रेमाला जे उत्तर दिले ते फार शहाणपणाचे होते. त्यांनी पुस्तक घेतले आणि बाप्तिस्मा घेतला नाही. फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. उलट मिशनच्या शाळांतून शिकलेल्या पिढ्यांनी आपली सभास्थाने बांधली, आपली प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' मराठी अर्थासह १८४६ साली मुंबईत व १८७४ साली पुण्यात छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. केहीमकरांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळी मोशे-योसेफाच्या आख्यानांवर टाळमृदंगाच्या साथीने कीर्तने करू लागली! ज्या विद्येने ते विरघळून जावेत अशी अपेक्षा होती, तिनेच ते घट्ट झाले. विल्सन यांच्या परिश्रमांचे हे फळ त्यांच्या अपेक्षेहून निराळे, पण आमच्या मते अधिक चांगले आहे.

आता एक आक्षेप. आपला धर्म सत्य आहे असे जो मानतो, त्याने तो दुसऱ्यास देऊ पाहिला तर त्यात गैर काय? सत्य सांगणे हा द्वेष कसा? आक्षेप खरा आहे, आणि सर्व धर्म सारखेच असे म्हणून तो टाळण्याची आपल्याकडची रीत आम्हांस आळशीपणाची वाटते. परंतु यहुद्यांच्या बाबतीत ख्रिस्ती मनुष्याची स्थिती इतरांहून वेगळी आहे. येशू, मरिया, पेत्र, पौल हे सारे यहुदी. त्याचे स्तोत्रसंहितेचे पुस्तक यहुदी. त्याचा देवही आधी त्यांचा. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, इतर राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांना त्याने जैतुनाच्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांदीची उपमा देऊन, मुळापुढे तोरा मिरवू नये असे बजाविले आहे. ज्या मुळाने आपल्याला धरले आहे ते वाळून गेले अशी ग्वाही देत फिरणाऱ्या फांदीला काय म्हणावे?

हे ध्यानी येण्यास मंडळीला एकोणीस शतके व साठ लाख मृत्यू लागले. उत्तम शुक्रवारच्या रोमन प्रार्थनेत यहुद्यांसाठी योजलेले विश्वासहीनतेचे विशेषण पोप तेविसाव्या योहानाने १९५९ साली काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. १९८४ मध्ये जागतिक ल्यूथरन संघाने ल्यूथरच्या त्या लिखाणाचा निषेध केला. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या आयोगाने, यहुद्यांच्या धर्मांतरासाठी खास अशी संस्थात्मक मोहीम कॅथॉलिक मंडळी चालवीत नाही व तिला पाठिंबाही देत नाही, असे स्पष्ट केले. दुसरीकडे काही प्रॉटेस्टंट पंथांत आज इस्राएलप्रेमाला भरती आली आहे. पण त्या प्रेमाचा पाया पुष्कळदा असा, की यहुदी आपल्या भूमीत एकत्र जमल्याखेरीज ख्रिस्ताचे पुनरागमन व्हावयाचे नाही. म्हणजे पुन्हा साक्षीदारच! ऑगस्टीनच्या काळी त्याच्या दुर्दशेची साक्ष हवी होती, आता त्याच्या वैभवाची हवी आहे.

मराठी मंडळीपुरते बोलावयाचे तर काम लहान आहे आणि हाताशी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात 'यहूदी' हा शब्द वारंवार विरोधकांच्या अर्थाने येतो. ज्या खेडेगावच्या श्रोत्याने जन्मात यहुदी पाहिला नाही त्याच्या कानी तो शब्द एखाद्या राक्षसकुळाच्या नावासारखा पडतो. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा व्यासंग करून अवघे बायबल मुळावरून मराठीत उतरविले; ते त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडले. मूळ भाषेपर्यंत जाण्याचे ते कष्ट जिला परवडले त्या मंडळीच्या पाळकाला एवढे तरी सांगता यावे, की ज्या भोजनाची आठवण आपण करतो ते वल्हांडणाच्या सणाचे होते, भाकर मोडणारा यहुदी होता, त्याच्या भोवती बसलेले बाराही यहुदी होते, आणि त्याच सणाचा ग्रंथ पुण्यात मराठी अर्थासह छापणारे लोक पेणरोह्याच्या बाजारात तेल विकीत होते.