उगमाचे ऋण

संशोधनासाठी लागणारी कित्येक मानवी प्रथिने आज प्रयोगशाळेत परक्या पेशींत मानवी जनुक घालून घडवितात. जिवाणू हे काम स्वस्तात करतात. परंतु काही प्रथिनांना मानवी धाटणीच्या शर्करा-साखळ्या लागतात, व त्या मानवी पेशीच हुबेहूब जोडतात. यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘हेक २९३’ हा पेशीवंश १९७३ साली नेदरलँड्समधील लायडन येथे एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून निर्माण झाला. २९३ हा त्या प्रयोगाचा क्रमांक.

मग आजचा संशोधक दोषी ठरतो काय? त्या गर्भाचा मृत्यू त्याने घडविला नाही, इच्छिलाही नाही. म्हणून दोष त्याच्या माथी येत नाही. ऋण मात्र येते. जिवाणूंनी काम भागत असेल, तर त्याने तीच वाट धरावी. भागत नसेल, तर निदान उगम विसरू नये. आपल्यापाशी त्या जिवाचा केवळ क्रमांक उरला आहे. देवापाशी तो क्रमांक नव्हे.