जुन्या गाडीचे परिमाण

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाण इथे झाले अशी श्रद्धा आहे, आणि 18 सप्टेंबर 1955 रोजी आचार्य शांतिसागरांची सल्लेखना, म्हणजे आहार सोडून केलेला देहत्याग, इथेच पूर्ण झाली. अंगावर वस्त्र ठेवायचे नाही, वाहनात बसायचे नाही, चालतच विहार करायचा, अशी ही मुनिपरंपरा. तिच्या तीर्थाचे नाव घेऊन जुन्या मोटारीवर किती पैसा घालावा असे विचारणे काहींना थट्टा वाटेल. मला मात्र हा प्रश्न विचारायला याहून योग्य जागा सुचत नाही. जुनी फियाट, पद्मिनी किंवा विलिस जीप पुन्हा उभी करायला निघालेल्या माणसापुढचा अवघड प्रश्न 'किती' हा नसतो, 'कुठवर' हा असतो. आणि या 'कुठवर'चा विचार जैन गृहस्थधर्माने जितक्या चिकाटीने केला आहे, तितका गॅरेजच्या अंदाजपत्रकात कधीच सापडणार नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ठरवला जातो तो मूर्च्छेवरून. 'हे माझे' या भावनेने माणसाला जी गुंगी येते ती मूर्च्छा. वस्तू लहान की मोठी, स्वस्त की महाग, हा पुढचा भाग. मुनीने सर्वच सोडायचे असते. संसारी श्रावकाला ते शक्य नाही, म्हणून त्याच्यासाठी पाच अणुव्रते आहेत आणि त्यांतले पाचवे परिग्रह-परिमाण: शेत, घर, सोने, धान्य, जनावरे यांची मर्यादा ज्याची त्याने आखायची. मर्यादा किती असावी हे शास्त्र सांगत बसत नाही. ती आधी आखावी आणि मग ओलांडू नये, एवढाच आग्रह. जुन्या गाडीबाबत मला जे म्हणायचे आहे ते याच 'आधी'वर उभे आहे. खर्च जतनासाठी झाला की मोहापायी, हे शेवटच्या आकड्यावरून कळत नाही. गाडी उघडण्यापूर्वी आखलेली रेघ पुढे सरकत गेली का, यावरून ते कळते.

रेघ सरकते कशी, ते पद्मिनीचेच उदाहरण घेऊन पाहू. ही गाडी या भागाला परकी नाही. शेजारच्या सोलापुरातल्या दिगंबर जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली आणि तीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. (अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या घरातून देशाला मोटार मिळाली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.) मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या गाड्या हौशी लोकांकडे, नाहीतर कुणाच्या तरी वाड्याच्या कडेला ताडपत्रीखाली. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे गंज ही नुसती दिसण्याची गोष्ट राहत नाही. रंग खरवडला की लांबी निघते, लांबी काढली की गंज, गंज कापला की खालचा फ्लोअर हाताला लागतो आणि मग दार नीट बसेनासे होते. डेंटरने सांगितलेले काम महिन्याभरात दुप्पट होते, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. रंगाखाली काय आहे ते त्यालाही दिसलेले नसते. तिकडे 1089 सीसीचे इंजिन उतरवले की सिलिंडर झिजलेले निघतात. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग शोधायचे. धातू भिंतीत असतो तेवढाच असल्यामुळे बोअरही ठरावीक वेळाच करता येते, नंतर स्लीव्ह घालावी लागते. इंजिन आपली मर्यादा जन्मतःच घेऊन येते. मालकाला ती स्वतः आखावी लागते. सुट्या भागांसाठी सोलापूर, पुणे, कुर्ला असे हेलपाटे सुरू होतात आणि दर हेलपाट्याला तेच वाक्य: एवढे केले, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचे? खर्च झालेला पैसा पुढच्या खर्चाचे कारण बनतो. मूर्च्छा म्हणतात ती हीच.

सरकारी शुल्कही थोडे नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाला एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये पडू लागले, वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. पण हा खर्च आधी माहीत असतो, म्हणून तो फसवत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो: रंगाखाली काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नसेल, तर मर्यादा आधी आखायची कशी? उत्तर असे की अंदाजपत्रक आणि व्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाजपत्रक गाडीविषयी बोलते, गंज वाढला की तेही वाढणारच. व्रत मालकाविषयी बोलते. 'या गाडीला तीन लाख लागतील' हे विधान चुकू शकते. 'या गाडीवर मी तीन लाखांपलीकडे जाणार नाही' हे चुकत नाही, ते फक्त मोडता येते. तीन लाख संपले आणि गाडी अर्धी उघडी असली, तर ती अर्धीच राहील, ही शक्यता स्वीकारूनच पाना हातात घ्यायचा. व्रत महाग पडते ते इथे, आणि बहुतेक जण नेमके इथे ते मोडतात.

दुसरा आक्षेप वारशाचा. ही आजोबांची गाडी, हिचा हिशेब काय करता? या आक्षेपाचा मान ठेवला पाहिजे, कारण पाच-पन्नास मैलांत एखादीच मोटार असलेल्या काळातल्या गाडीला घराची सगळी आठवण चिकटलेली असते. पण कर्तव्याचे सोंग घेतलेली मूर्च्छा सर्वांत घट्ट असते. शांतिसागरांचे उदाहरण इथे मला आठवते, आणि ते मोटारीशेजारी ठेवताना संकोचही वाटतो. वारशाने मिळालेल्या सगळ्या गोष्टींत शरीर सर्वांत जवळचे. आचार्यांची दृष्टी मंदावली, पायाखालचा आणि आहारातला जीव दिसेनासा झाला, म्हणजे ज्या अहिंसेसाठी देह पोसायचा ती पाळणेच अशक्य झाले. तेव्हा त्यांनी आहार सोडला. जतनाची मर्यादा जतनाच्या हेतूने ठरवली. जुन्या गाडीला हाच प्रश्न विचारता येतो: ती कशासाठी? नातवंडांना तुळजापूरला नेण्यासाठी असेल तर ब्रेक, वायरिंग आणि इंजिन हवे, मुंबईहून आणलेली अस्सल क्रोमची पट्टी नको. रकमेबरोबर हेतूही आधीच लिहून ठेवला की निम्मे मोह बाहेरच राहतात.

गुंतवणुकीच्या युक्तिवादावर फार वेळ घालवायला नको. घरात 'आठवण' आणि मित्रांत 'गुंतवणूक' अशा दोन वह्या ठेवणाऱ्याला एवढेच विचारावे, विकणार कधी? तारीख सांगता आली नाही तर ती गुंतवणूक नव्हे.

अस्सलपणाचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5,000. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आणि ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर यायची. म्हणजे वस्तू जितकी अस्सल, तितका वापर कमी. राजा मिलिंदाला बौद्ध भिक्षू नागसेनाने रथाविषयी जे विचारले ते इथे लागू पडते: आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे नव्हे, जू म्हणजेही नव्हे, मग जपायचा तो रथ कोणता? धाराशिवपासून जवळच तेरला त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. मागची बाजू अर्धगोल, आकार चैत्याचा, आणि ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. ती वास्तू मूळ स्वरूप जसेच्या तसे राखून टिकली नाही. नव्या भक्तांनी ती वापरात घेतली, म्हणून विटा जागेवर राहिल्या. अस्सलपणाला किंमत नाही असे मी म्हणत नाही, संग्रहालयात ती हवीच. पण घरच्या गाडीत 'अस्सल' हा शब्द बहुधा रेघ पुढे सरकवायच्या कामी येतो.

राहिला सर्वांत जड आक्षेप. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आले त्यांत धाराशिव जिल्हा होता. भूम-परंड्याचा दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या इथे कुणाला सांगाव्या लागत नाहीत. अशा ठिकाणी भंगारात लाखो घालणे हे पाप नव्हे काय? पैसा फिटर, टर्नर, डेंटर यांच्या हातात जातो, कर्जाने घेतलेल्या नव्या एसयूव्हीचे व्याज बँकेत जाते, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे, आणि हौशी माणूस ते जरा जास्तच उत्साहाने देतो. व्रताचे उत्तर अधिक कठोर आहे. परिमाणापलीकडचे दानात जावे, ही श्रावकाची रीत. तेव्हा ज्याने गाडीसाठी तीन लाखांची रेघ आखली आणि चौथा लाख हाताशी असूनही घातला नाही, त्याने त्या चौथ्या लाखाचे काय केले, हेही विचारले पाहिजे. रेघ आखून उरलेला पैसा दुसऱ्या हौसेत गेला तर व्रत कागदावरच राहिले. या आक्षेपातून पूर्ण सुटका होते असे मला वाटत नाही, आणि होऊही नये.

मग मर्यादा संपली आणि गाडी अर्धीच आहे, तर तिचे करायचे काय? ताडपत्री टाकून 'कधीतरी करू' म्हणणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत खोटा मार्ग, कारण त्यात खर्च थांबतो पण 'माझे' तसेच राहते. खरा मार्ग जिल्ह्यात अशीच दुसरी अर्धी गाडी शोधणे. एकाची दारे चांगली, दुसऱ्याचे इंजिन. दोन अर्ध्यांतून एक पूर्ण गाडी उभी राहते. पण तिच्यावर चॅसिस नंबर एकच राहणार, आरसी एकच राहणार. दुसऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे चौदा दिवसांत धाराशिवच्या आरटीओला कळवावे लागेल की ही गाडी आता कायमची वापराबाहेर गेली, तिची नोंदणी रद्द करा. आजोबांच्या नावावरून आलेली ती आरसी टेबलावर ठेवायला दोघांपैकी कोण तयार होतो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात लिहिता येत नाही.