ध्यान म्हणजे नवा नवस नव्हे



धम्मदीक्षा घेताना तुम्ही नवस, अंगारे, देवऋषी सोडले. पण घरातले माणूस गेले, भोवती कुणी उरले नाही, की मन विचारते : आता कुणापुढे रडायचे? कोणी सांगते, ध्यानाला बसा. मग प्रश्न पडतो, दुःखात डोळे मिटून बसणे म्हणजे पळणे नव्हे काय?

आनापानसतीत श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढे पाहायचे. दुःख उठले तर ‘हे दुःख आहे’ असे ओळखायचे. त्याने गेलेले माणूस परत येत नाही. पण आपण दुःखात वाहून जात नाही.

किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरली. भगवान बुद्धांनी चमत्कार केला नाही. ज्या घरात कोणीच मेले नाही, तिथून मोहरी आणायला सांगितले. तशी मोहरी मिळाली नाही. मात्र दारोदार तिला आपल्यासारखीच दुःखी माणसे भेटली. तिचे दुःख तिच्या एकटीचे उरले नाही.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य संबंध, असे सांगितले. म्हणून सकाळी थोडा वेळ श्वास पाहा, मैत्रीभावना करा आणि उठून वस्तीतल्या दुःखी घरी जा. दुःख अन्यायाचे असेल तर मिळून त्याविरुद्ध उभे राहा. जे ध्यान शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेत नाही, ते अपुरे आहे.

जयभीम!