गफलत

'गफलत' हा शब्द मी दोन्ही भाषांत वापरते. मराठीत गफलत झाली म्हणजे घोटाळा झाला, नजरचूक झाली. उर्दूच्या तासाला तोच शब्द समजावताना मुलांना सांगते, जागेपणी लागलेली झोप म्हणजे गफलत.

हा अर्थ मला एका सकाळी माझ्यावरूनच पटला. सुदुंबऱ्याहून इंदुरीमार्गे तळेगावला यायचे आणि पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची, हा माझा रोजचा क्रम. त्या दिवशी शाळेजवळच्या स्टेशनवर उतरले तेव्हा उशीर झाला होता. पूल चढायचे सोडून चार जणींच्या मागोमाग रुळात उतरले, मोबाईल कानाला. भोंगा ऐकू आला तो कुणीतरी दंड धरून मागे ओढल्यावर. आमच्या सुदुंबऱ्यातच एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. लोकांच्या संकटासाठी सदा तयार असणारी माणसे शेजारी राहतात, आणि माझी ही तऱ्हा!

ओढणाऱ्या बाई म्हणाल्या, "नशीब तुमचं." घरी अम्मी म्हणाली, "अल्लाहनं वाचवलं." मी मान डोलावली. पण मेले असते तरी लोक म्हणालेच असते, तकदीरमध्ये तेवढंच होतं. मग माझ्या हातात काय होते? आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. आपण दोरी घरी विसरतो आणि त्याला तवक्कुल म्हणतो. मला तो सरळ आळस वाटतो. शिवाय प्रश्न माझ्या एकटीच्या जिवाचा नव्हता. मोटरमनला गाडी बाजूला घेता येत नाही. ब्रेक लावला तरी भरधाव गाडी शेकडो मीटर पुढे जाते, आणि तेवढा वेळ समोरचा माणूस त्याला दिसत असतो. पाच मिनिटे वाचवण्यासाठी मी त्या अनोळखी माणसाला माझ्या मृत्यूत सामील करून घेणार होते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे असे रुळात शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. मोटरमनचे देणे मात्र कोणत्या कलमाने फिटणार?

हे सगळे मी नववीच्या वर्गात सांगितले. एका मुलाने विचारले, "टीचर, मग करमाडचे ते मजूर? तेपण गाफीलच होते का?"

८ मे २०२० ची पहाट. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलेले जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत राहिले आणि करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांत विखुरलेल्या आपण सर्वांनी फोटोत पाहिल्या. रुळांवर झोपलेल्यांना कोण कसे अडवणार, असा सवाल पुढे सर्वोच्च न्यायालयातही निघाला.

मला पटकन उत्तर देता आले नाही. माझी झोप झालेली होती, पोट भरलेले होते, आणि दहा पावलांवर पूल होता. सावध राहायलाही अंगात काही शिल्लक असावे लागते. त्यांच्या अंगात ते उरले नव्हते. 'चूक तुमचीच' हे मला म्हणता येते, त्यांना म्हणताना जीभ अडखळते. तरी वर्गात हे बोलायची भीती वाटते. थकलेल्याला माफी आहे म्हटले, की उद्या प्रत्येक मूल थकलेलेच निघेल, आणि गाडी काही विचारायला थांबत नाही.

"ते थकले होते," मी त्याला म्हटले. "गाफील दुसरेच होते."

"कोण?"

ती माणसे पायी चालत होती तेव्हा घरात बसून टीव्हीवर बातम्या बघणाऱ्यांत मीही होते, एवढे मी त्याला सांगितले.